आधाराची काठी: निवड, माप आणि चालण्याची रीत

आधारासाठी काठी वापरणाऱ्या अनेकांची काठी दोन बाबतींत चुकलेली असते. एक तर ती दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरलेली असते. दुसरं म्हणजे तिची उंची कुणीतरी अंदाजाने ठरवलेली असते, नाहीतर घरातली जुनी काठी आहे तशी हातात आलेली असते. दुसऱ्याचा चश्मा आपल्याला चालत नाही, तशी दुसऱ्याची काठीही आपल्या मापाची करून घेतल्याशिवाय चालत नाही. या दोन्ही चुका सुधारायला बहुधा नवी काठी लागत नाही, मोजपट्टी आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात. म्हणून या लेखात हात आणि उंची या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त भर आहे. लाकडी घ्यायची की ॲल्युमिनियमची, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी पाहा, काठी पुरेल का

काठी शरीराचा थोडाच भार उचलते. साधी एका टोकाची काठी फार तर वजनाच्या पाव भागापर्यंत आधार देते, त्यापलीकडे तिच्यावर रेललात तर तोल जातो. एक गुडघा किंवा खुबा दुखतो, एक पाय थोडा कमजोर आहे, खडबडीत रस्त्यावर तोल डळमळतो, अशा वेळी काठी उत्तम काम करते.

दोन्ही पायांत जोर नसेल, खोलीतून जाताना भिंत, टेबल, खुर्ची असं धरत धरत जावं लागत असेल, तर काठी अपुरी पडेल; तिथे वॉकर हवा. हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर ‘पायावर भार टाकायचा नाही’ असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर काठी वापरायचीच नाही. त्यासाठी कुबड्या किंवा वॉकर असतो. आणि चालणं नुकतंच बिघडलं असेल, तर काठी आणण्याआधी ते का बिघडलं याची तपासणी करून घ्या. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं, तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठायचं.

दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ती पांढरी काठी वेगळी. ती पुढचा रस्ता चाचपण्यासाठी असते, भार टाकण्यासाठी नाही.

काठी कोणत्या हातात धरायची

दुखऱ्या किंवा कमजोर पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, डावा खुबा दुखतो तर काठी उजव्या हातात. हे ऐकून बहुतेकांना उलटं वाटतं, कारण जिथे दुखतं तिथे टेकू द्यावा अशी मनाची सहज ओढ असते. चालताना शरीरात काय घडतं ते पाहिलं की कारण पटतं.

पाऊल उचलताना आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. समजा, तो डावा पाय आहे. त्या क्षणी कंबर उजवीकडे खाली कलू पाहते. ती समतोल धरून ठेवायचं काम डाव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. पण हे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असतात आणि शरीराचा भार त्यांच्या मानाने सांध्यापासून लांब असतो, म्हणून त्यांना फार जोराने ओढावं लागतं. ही ओढ आणि शरीराचं वजन दोन्ही मिळून सांध्यावर येतात. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त दाब पडतो तो यामुळे.

आता काठी उजव्या हातात असेल, तर ती डाव्या खुब्यापासून बऱ्याच अंतरावर जमिनीला टेकते. अंतर जास्त असल्यामुळे तिथे दिलेला थोडासा जोरही कंबर सावरायला पुरतो, स्नायूंची ओढ कमी होते आणि सांधा हलका होतो. तीच काठी डाव्या हातात धरली की हा फायदा जवळजवळ संपतो, वर माणूस दुखऱ्या बाजूलाच कलून चालू लागतो. शिवाय चालताना आपला उजवा हात आणि डावा पाय मुळातच एकत्र पुढे जातात, त्यामुळे विरुद्ध हातातली काठी चालण्याच्या लयीतही बसते.

त्या हाताने काही धरताच येत नसेल, खांदा निकामी असेल किंवा बोटांत ताकदच नसेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारून वेगळी सोय करावी लागते. दोन्ही पाय सारखेच आहेत आणि काठी फक्त तोल सावरायला हवी आहे, अशा वेळी दोन्ही हातांत धरून पाहा आणि जिथे स्थिर वाटेल तो हात ठेवा. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांनी काठी डाव्या हातात घेतली, तर दार उघडायला, कठडा धरायला सवयीचा हात मोकळा राहतो.

उंची मोजणं

हे काम एकट्याने करू नका. मोजण्यासाठी खाली वाकलात की खांदा उतरतो आणि माप चुकतं. कुणाला तरी मदतीला घ्या.

१. रोज बाहेर जाताना घालता ती पादत्राणं घाला. टाच दोन-अडीच सेंमी उंच असली तर काठीच्या मापात पूर्ण एका भोकाचा (उंची कमी-जास्त करायला ॲल्युमिनियमच्या काठीला भोकं असतात) फरक पडतो.

२. सपाट, कडक फरशीवर उभे राहा. सतरंजी किंवा गालिचा नको. हात दोन्ही बाजूंना सैल सोडा, नजर समोर. ज्यांच्या पाठीला बाक आहे त्यांनी मापापुरतं ताठ उभं राहायचं नाही. नेहमी जसे उभे राहता तसेच राहा, कारण काठी त्याच शरीराला वापरायची आहे.

३. मदतनिसाने मनगटाची घडी शोधावी. तळहात जिथे संपतो आणि मनगट सुरू होतं, तिथे आतल्या बाजूला आडव्या रेषा असतात. तळहाताला लागून असलेली रेष घ्या. तिथपासून सरळ खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा.

४. हे अंतर म्हणजे काठीची पूर्ण उंची: मुठीच्या वरच्या कडेपासून रबरी टोपीच्या तळापर्यंत. टोपी काढून मोजायचं नाही.

५. उंची लावल्यावर पडताळा घ्या. काठीचं टोक पायाच्या करंगळीच्या बाहेर साधारण १५ सेंमीवर टेकवा आणि मूठ धरा. कोपर किंचित वाकलेलं हवं, १५ ते २० अंश. अंश मोजायला साधन नसलं तरी आरशात दोन गोष्टी दिसतात. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, आणि काठीवर जोर देताच कोपर सरळ होऊन हाताला दाब देता येतो का.

६. दहा-बारा पावलं चाला आणि मदतनिसाला मागून पाहू द्या. उभं राहून बरोबर वाटलेली उंची चालताना कधी कधी जास्त वाटते.

उभं राहणं शक्यच नसेल, तर पादत्राणं घालून सरळ झोपा, हात अंगालगत ठेवा आणि मनगटाच्या घडीपासून टाचेच्या तळापर्यंत मोजा. हे माप सुरुवातीला चालून जातं, उभं राहता येऊ लागलं की पुन्हा घ्यायचं.

काठी उंच झाली तर खांदा कानाकडे चढतो, कोपर जास्त वाकतं आणि वाकलेल्या कोपराने जोर देता येत नाही, म्हणजे काठी हातात असून भार पायावरच राहतो. काठी ठेंगणी झाली तर माणूस तिच्या बाजूला झुकतो, पाठ वाकते आणि मनगटावर नको तेवढा दाब येतो. संध्याकाळी कंबर दुखायला लागली की लोक वयाला दोष देतात. आधी काठी एक भोक वर करून पाहा.

उंचीवरून काठीचं माप सांगणारे तक्ते मिळतात. दुकानात काठ्या बघायला त्यांचा उपयोग होतो, पण त्यांवर उंची पक्की करू नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात आणि पाय सारख्या लांबीचे नसतात. घरात अनवाणी आणि बाहेर जाड तळव्याच्या बुटात चालत असाल, तर एका मापात दोन्ही बसत नाही. अशा वेळी घरासाठी वेगळी काठी ठेवणं हा सरळ उपाय आहे, रोज बटण दाबून वर-खाली करण्यापेक्षा जास्त सुरक्षित.

ॲल्युमिनियमच्या काठीची उंची लावताना

या काठीत एका नळीत दुसरी नळी असते. आतल्या नळीला स्प्रिंगचं बटण, बाहेरच्या नळीला एका रेषेत भोकं. दोन भोकांमधलं अंतर साधारण अडीच सेंमी असतं. बटण आत दाबून नळी सरकवायची आणि हव्या त्या भोकात बटण बाहेर येऊ द्यायचं. ते बसताना ‘टक’ असा आवाज येतो. आवाज आला तरी त्यावर विसंबू नका. बोट फिरवून बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का ते पाहा, मग काठी जमिनीवर जोराने दोन-तीनदा दाबा. अर्धवट बसलेलं बटण हातात धरल्यावर शाबूत वाटतं आणि भार पडला की सटकतं.

बटणाजवळ फिरवून आवळायची एक कडी असते. बटण उंची धरतं आणि कडी दोन नळ्यांमधला सैलपणा घालवते. काठी चालताना खुळखुळत असेल, तर बहुधा ही कडी ढिली आहे. उंची बदलण्याआधी कडी सैल करायची, बदलल्यावर हाताने घट्ट आवळायची. पक्कड वापरू नका, प्लास्टिकची कडी तडकते.

माप दोन भोकांच्या मधे आलं तर दोन्हीकडे लावून चालून पाहा आणि खांदा चढत नाही ते भोक ठेवा. मोठ्यांसाठीच्या बऱ्याच काठ्या साधारण ७५ ते ९५ सेंमीपर्यंत होतात. उंची दीडशे सेंमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर सगळ्यात खालचं भोकही उंच ठरू शकतं. अशांनी घेण्याआधी काठीची किमान उंची वाचावी.

लाकडी काठी कापताना

पादत्राणं घालून उभे राहा. काठी उलटी करून मूठ जमिनीवर टेकवा, टोक वर. मदतनिसाने मनगटाच्या घडीच्या उंचीला खूण करावी. ही खूण म्हणजे टोपीसकट पूर्ण उंची झाली, म्हणून टोपीच्या तळाची जाडी त्यातून वजा करायची. ही जाडी साधारण एक सेंमी असते, पण आपल्या टोपीची मोजून घ्या: बाहेरून उंची, आतून खोली, दोन्हीतला फरक म्हणजे तळाची जाडी.

पहिल्यांदा ठरल्यापेक्षा अर्धा सेंमी लांबच कापा, टोपी बसवून चाला, मग उरलेलं. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळली आणि बारीक दात्यांची करवत वापरली, तर लाकडाची सालपटं निघत नाहीत. बऱ्याच लाकडी काठ्या खाली निमुळत्या असतात. चार-पाच सेंमी कापल्यावर टोक आधीपेक्षा जाड होतं आणि जुनी टोपी बसत नाही. ती ठोकून बसवण्याच्या किंवा लाकूड तासण्याच्या फंदात न पडता एक माप मोठी टोपी आणा.

मूठ

मुठीवर दिवसभर तळहाताचा भार असतो, म्हणून ती दिसण्यावरून निवडू नये. जाडी पाहायची सोपी खूण: मूठ धरल्यावर अंगठा आणि बोटांची टोकं एकमेकांना जेमतेम भिडावीत किंवा किंचित वर चढावीत. फार बारीक मुठीवर हात आवळून धरावा लागतो आणि बोटं आखडतात. फार जाड मूठ कमजोर हातातून सुटते.

आकड्यासारखी वाकलेली मूठ हातावर किंवा खुर्चीवर अडकवायला सोयीची, पण तिचा गोल भाग तळहाताच्या थोड्याच जागेवर टोचतो आणि भार दांड्याच्या मागे पडतो. अधूनमधून आधार लागणाऱ्यांना ती चालेल, दिवसभर भार टाकणाऱ्यांना नको. आडवी मूठ पंजाला जास्त जागा देते. दांडा वरच्या टोकाला पुढे बाक घेऊन मागे वळतो आणि मूठ बरोबर दांड्याच्या वर येते, अशी एक रचना असते. भार टाकणाऱ्यांसाठी आमची पहिली पसंती हीच, कारण जोर सरळ खाली टोकापर्यंत जातो आणि काठी हातात फिरत नाही. ती धरताना दांड्याचा बाक पुढे आणि मुठीचं मोकळं टोक मागे हवं. उलट धरली तर मनगट अवघडतं.

संधिवाताने बोटं दुखत असतील, तर तळहाताच्या आकाराची रुंद मूठ चांगली, ती दाब पसरवते. पण ती डाव्या आणि उजव्या हाताची वेगवेगळी असते. इथे घोटाळा हमखास होतो: गुडघा उजवा दुखतो म्हणून उजव्या हाताची मूठ आणली जाते. कोणत्या हातात धरायची ते ठरवूनच ती घ्या.

मनगटात अडकवायची दोरी जिन्यावर किंवा पैसे काढताना काठी हातातून पडू देत नाही. चालताना मात्र ती मनगटाभोवती आवळलेली नको. पडायची वेळ आलीच तर काठी सोडून देता आली पाहिजे.

साधी, घडीची की चार पायांची

ॲल्युमिनियमची साधी काठी हलकी आणि उंची बदलता येणारी असल्यामुळे नवख्यांसाठी बरी. लाकडी काठी हाताला छान वाटते, पण एकदा कापली की उंची वाढत नाही. उंची अजून बदलू शकते, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने, तेव्हा लाकडी काठी कापायची घाई करू नये. कोणतीही काठी घ्या, तिच्यावर किती किलोपर्यंतचं वजन चालतं ते लिहिलेलं असतं. शंभर किलोच्या पुढे वजन असणाऱ्यांनी तो आकडा नक्की वाचावा.

घडीची काठी पिशवीत मावते. तिच्या तुकड्यांमधून लवचीक दोरी जाते आणि तुकडे एकमेकांत बसतात. प्रवासाला ती ठीक, पण रोज दिवसभर वापरली तर सांधे झिजून डुगडुगतात. उघडल्यावर प्रत्येक सांधा हाताने दाबून पूर्ण बसलाय का पाहा. दोरी सैल पडून तुकडे आपोआप घट्ट बसेनासे झाले, तर ती काठी आधारासाठी वापरू नका.

चार पायांची काठी स्वतःच्या पायांवर उभी राहते, एका बाजूची ताकद गेलेल्यांना जास्त स्थिर वाटते. त्या बदल्यात ती जड असते आणि चालणं मंदावतं. तिचे चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर. वेगाने चालणारा माणूस काठी टाच-चवडा अशी डोलवत नेतो, त्यात दोनच पाय जमिनीला लागतात आणि ती साध्या काठीपेक्षाही अस्थिर होते. तळ नीट पाहिलात तर एका बाजूचे दोन पाय दांड्याला लागून असतात आणि दुसऱ्या बाजूचे दोन बाहेर पसरलेले. सपाट बाजू शरीराकडे आणि पसरलेले पाय बाहेर ठेवायचे. उलट धरली तर स्वतःचाच पाय त्यात अडकतो. हात बदलायचा असेल तर बहुतेक काठ्यांत बटण दाबून तळ किंवा मूठ अर्धा फेरा फिरवता येते. मोठ्या तळाची काठी अरुंद पायरीवर मावत नाही. घरात जिना असेल तर लहान तळाची घ्या आणि आधी पायरीवर ठेवून पाहा.

रबरी टोपी

सगळ्या काठीत जमिनीला लागतो तो एवढाच भाग, आणि दुर्लक्षही याच्याकडेच होतं. नवी टोपी उलटी करून पाहा. तळावर गोल कंगोरे दिसतील. ते झिजून तळ गुळगुळीत झाला, कडेला चिरा पडल्या, रबर कडक होऊन चमकायला लागलं, की टोपी बदलायची. महिन्यातून एकदा हे पाहायची सवय ठेवा, रोज बाहेर डांबरी रस्त्यावर चालणाऱ्यांनी थोडं लवकर. चांगल्या टोपीच्या आत तळाशी धातूची चकती असते. ती नसली तर नळीची कड हळूहळू रबर कापत जाते आणि एक दिवस धातूच जमिनीला लागतो.

टोपी कुठे झिजली आहे यावरून चालण्यातली चूकही कळते. शरीराकडची कड जास्त झिजली असेल, तर काठी अंगापासून फार लांब टेकवली जाते. मागची कड झिजली असेल, तर ती फार पुढे टाकली जाते. सगळीकडून सारखी झिज असेल तर काठी सरळ पडते आहे.

नवी टोपी घेताना काठीच्या टोकाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून न्या. १६, १९, २२ आणि २५ ही नेहमीची मापं. टोपी घट्टच हवी, हाताने जोर लावून बसेल इतकी. जड जात असेल तर आतून थोडं पाणी लावा. तेल किंवा साबण लावाल तर ती नंतर घसरून निघेल. ओल्या जागेतून कोरड्या गुळगुळीत फरशीवर येताना टोपी पुसून घ्या. ओल्या रबराने घसरण्याचे प्रकार घरातल्या घरात खूप होतात.

चालायचं कसं

पहिल्या दिवशी सपाट, मोकळी जागा घ्या. मदतनिसाने कमजोर बाजूला, किंचित मागे राहावं आणि हात कंबरेजवळ ठेवावा. काठीचा हात धरू नये, त्याने काठीचं कामच थांबतं.

सुरुवात तीन ठेक्यांत करा. आधी काठी, एका लहान पावलाइतकी पुढे आणि पायाच्या बाहेर १० ते १५ सेंमी. मग दुखरा पाय काठीच्या ओळीत. मग हातावर जोर देत चांगला पाय त्यांच्या पुढे. हे अंगवळणी पडलं की दोन ठेक्यांवर या: काठी आणि दुखरा पाय एकदम, मग चांगला पाय. काठी उचलायची ती दुखऱ्या पायाबरोबर आणि टेकायचीही त्याच्याबरोबर. चांगल्या पायावर उभं असताना तिचं काही काम नाही.

काठी फार पुढे टाकली तर ती तिरपी पडून सरकते आणि शरीर तिच्या मागे ओढलं जातं. फार आत, पावलाजवळ टेकवली तर पाय तिला अडखळतो. नजर सात-आठ पावलं पुढे ठेवा. काठीच्या टोकाकडे बघत चाललं की मान आणि पाठ वाकते. वळताना काठी रोवून तिच्याभोवती गिरकी घेऊ नका, लहान लहान पावलांनी अर्धवर्तुळ करत वळा. सामान हातात नको, दोन्ही खांद्यांवरची पाठपिशवी घ्या.

घरातले उंबरठे, सुटी पायपुसणी, जमिनीवरून गेलेल्या वायरी यांच्याकडे काठी येताच नव्याने पाहा. पायपुसणं काठीच्या टोकाखाली सरकतं, घडीत टोक अडकतं. सुटी पायपुसणी उचलून ठेवणं हा इथला खरा उपाय.

जिना

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना शरीर वर उचलायचं काम पुढचा पाय करतो. उतरताना वरच्या पायरीवर मागे राहिलेला पाय सगळा भार धरून हळूहळू खाली सोडतो. दोन्ही वेळा जड काम चांगल्या पायाकडे जातं.

कठडा असेल तर एक हात नेहमी कठड्यावर, काठी दुसऱ्या हातात, मग काठी नेहमीच्या हातात नसली तरी चालेल. जिन्यावर कठड्याचा आधार काठीपेक्षा पक्का.

चढताना: चांगला पाय वरच्या पायरीवर, त्यावर जोर देऊन उठा, मग दुखरा पाय आणि काठी त्याच पायरीवर.
उतरताना: काठी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय त्याच पायरीवर.

एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही. पदपथाची कडही अशीच चढायची आणि उतरायची. सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट बरी. उतारावर पावलं लहान ठेवा.

बसणं आणि उठणं

खुर्चीतून उठताना काठीवर जोर देऊन उठू नका. साधी काठी एका बिंदूवर टेकलेली असते, उठण्याचा झटका तिला बाजूला फेकतो. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरका, पाय मागे घ्या, हाताच्या टेकूवर जोर देऊन उठा, क्षणभर उभे राहा आणि मग काठी घ्या. एकाच हाताला टेकू असेल, तर तो हात टेकूवर आणि काठी दुसऱ्या हातात नुसती धरलेली. बसताना पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागेपर्यंत मागे या, मागे हात नेऊन टेकू धरा, मगच बसा. बसल्यावर काठी जमिनीवर आडवी ठेवू नका, तिच्यावरून पडायचा पहिला मान तुमचाच असतो. टेबलाच्या कडेला अडकवायची लहान चाप मिळते, ती मुठीजवळ लावून ठेवा.

दुखायला लागलं तर कुठे पाहायचं

नव्या काठीने हाताचे स्नायू पहिले काही दिवस थोडे अवघडतात, ते आपोआप जातं. त्यापुढेही दुखत राहिलं तर जागा पाहा. खांदा आणि मान भरून येत असेल तर काठी उंच आहे, एक भोक खाली करा. मनगट किंवा कंबर दुखत असेल तर ती ठेंगणी असण्याची शक्यता जास्त. तळहाताच्या मधोमध दुखून बोटांना मुंग्या येत असतील तर मूठ बदला, रुंद आणि मऊ आवरणाची घ्या. मुंग्या तरीही येत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा, नस दाबली जाऊन बोटं बधिर होऊ शकतात. दुखरा पाय काठी असूनही आधीइतकाच दुखतो, तेव्हा हात आणि ठेका तपासा: काठी विरुद्ध हातात आहे ना, आणि ती दुखऱ्या पायाबरोबरच टेकते ना.

उंची बरोबर, हात बरोबर, तरीही काठीवर रेलावं लागतंय, दुसऱ्या हाताने भिंत शोधावी लागतेय किंवा काठी असूनही पडणं झालंय, तर भोकं वर-खाली करत बसू नका. फिजिओथेरपिस्टकडे काठीसकट जा आणि त्यांच्यासमोर चालून दाखवा. दोन काठ्या, वॉकर की स्नायूंचे व्यायाम, हे त्यांनी चाल पाहून ठरवायचं. नवे बूट घेतले, वजन बरंच बदललं, पाठीचा बाक वाढला किंवा शस्त्रक्रिया झाली, की मनगटापासूनचं माप पुन्हा घ्या. एरवीही वर्षातून एकदा घेतलेलं चांगलं.